वाफ्याशेजारी शेगडी हवी: सांगलीतील गृहनिर्माण संस्थांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, व्यवस्थापक समितीचे सदस्य आणि सर्व सभासद,
सांगली, मिरज व कुपवाड शहरांतील गृहनिर्माण संस्था

विषय: वसाहतीच्या खुल्या जागेपैकी एक गुंठा मुलांच्या भाजीबागेसाठी, स्वयंपाकाच्या ओट्यासह, किमान तीन वर्षांच्या लेखी ठरावाने देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते आणि तिची विषयपत्रिका गणपतीच्या गडबडीतच सचिवांना तयार करावी लागते, हे ध्यानात घेऊन हे पत्र श्रावणातच लिहीत आहे. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या शेवटच्या ओळीत ढकललेल्या मागणीचे काय होते, ते मी दोन ठिकाणी पाहिले आहे. तोपर्यंत निम्मे सभासद चहाकडे वळलेले असतात, आणि उरलेल्या निम्म्यांचा वाद पार्किंगवरून अजून मिटलेला नसतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की हा विषय स्वतंत्र क्रमांक देऊन विषयपत्रिकेवर घ्यावा.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मी ना शिक्षिका आहे, ना कृषी पदवीधर. विश्रामबागेत मी एकवीस वर्षे विद्यार्थ्यांची मेस चालवली. माझे माहेर कृष्णाकाठचे. वडील वांगी आणि पालेभाज्या पिकवून पहाटे बाजारात आणत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले (तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे) आणि नदीकाठची कुटुंबे शाळांत व मंगल कार्यालयांत येऊन राहिली, तेव्हा आमच्या मेसच्या भट्टीवर त्यांच्यासाठी दोन्ही वेळची खिचडी शिजत होती. मदतीला कॉलेजची मुले झुंडीने आली. एकाला मी कांद्याचे पोते दिले, तर अर्ध्या तासात त्याचे सात कांदे सोलून झाले होते आणि त्यांतलाही निम्मा गर सालीबरोबर गेला होता. दुसरा, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, डाळ किती वेळा धुवायची हे मला तीनदा विचारून गेला. ही मुले कामचुकार नव्हती. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यांनी पातेली घासली. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. "तू फक्त अभ्यास कर" असे सांगणाऱ्या घरांनी त्यांना अन्नाच्या बाबतीत पार परावलंबी करून ठेवले होते, आणि त्या घरांत माझेही घर होते, हे कबूल केले पाहिजे. माझा मुलगा त्या वेळी वीस वर्षांचा होता.

त्या आठवड्यात मनात राहिलेली गोष्ट प्रत्यक्षात यायला जून २०२२ उजाडला. एका वसाहतीच्या खुल्या जागेत आम्हाला तीन गुंठे मिळाले. बारा ते सतरा या वयाची चोवीस मुले-मुली आली. दोघांत एक याप्रमाणे दहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे बारा वाफे आम्ही आखले आणि उरलेल्या जागेत वेलांचे मांडव, शेवगा, कढीपत्ता आणि खताचा खड्डा केला. तेव्हा शेगडीचा विचार आमच्या डोक्यातही नव्हता. बाग म्हणजे पिकवायचे, आणि पिकलेले मुलांनी घरी न्यायचे, एवढेच ठरले होते.

ऑगस्टमध्ये पहिली मेथी निघाली. पेरल्यापासून अठ्ठावीस दिवसांत आलेल्या त्या जुड्या मुलांनी दोऱ्याने बांधून, छातीशी धरून घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली, मी ओल्या कचऱ्याची बादली रिकामी करायला गेले, तर गाडीत आमच्याच दोऱ्याने बांधलेल्या चार जुड्या पडलेल्या होत्या. पुढच्या रविवारी मी कोणाचे नाव न घेता विचारले, तेव्हा हळूहळू सगळे बाहेर आले. आईला कामावर जायचे होते आणि मेथी निवडायला वेळ नव्हता, बाबांना मेथी चालत नाही, फ्रिजमध्ये जागा नव्हती. दोडका आणि कारले यांची तर वाट पाहणारेही घरात कोणी नव्हते. मुलांनी दोन महिने खपून पिकवलेले अन्न घरच्या ओट्यावर येऊन थांबत होते, कारण ओट्यापासून ताटापर्यंतचे काम ज्या एका माणसावर होते त्या माणसाला ते झेपत नव्हते. आणि हा माणूस, बहुतेक घरांत, मुलाची आई होती. आम्ही मुलांना भाजी पिकवायला शिकवून त्या बाईचे काम वाढवले होते.

तेव्हापासून आमच्याकडे दोन बर्नरची शेगडी, विळी, सहा सुऱ्या, दोन पराती आणि लोखंडी तवे आहेत, आणि त्या रविवारपासून पिकवलेली पहिली मूठ तिथेच शिजते. या पत्रातील मागणी त्या शेगडीसाठी आहे. नुसती बाग द्यायला आज अनेक संस्था तयार होतात, कारण बाग शोभेची वाटते. स्वयंपाकाचे नाव काढले की मात्र समितीच्या सदस्यांचे चेहरे बदलतात.

शेगडी आल्यावर पेरणीचा हिशेबच उलटा झाला, आणि तो मला या सगळ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. आता आम्ही आधी पदार्थ ठरवतो आणि मग बी. भोगी १३ किंवा १४ जानेवारीला येते. भोगीच्या भाजीला गाजर हवे, पावटा हवा, वांगी हवीत, ओला हरभरा हवा. गाजराला तयार व्हायला साधारण नव्वद दिवस लागतात, म्हणजे ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरले पाहिजे. पावट्याला त्याहून थोडे जास्त लागतात. वांग्याचे रोप आधी पाच-सहा आठवडे रोपवाटिकेत वाढते, मग लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी फळ देते, तेव्हा त्याचे बी गौरी-गणपतीच्या सुमारासच टाकावे लागते. ज्या मुलांना गणितात उलटी बेरीज-वजाबाकी जड जाते ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून हा हिशेब बिनचूक करतात, कारण चूक झाली तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाजारातून गाजरे आणावी लागतात आणि बाकीच्या वाफ्यांची मुले चिडवतात. पहिल्या वर्षी आमची गाजरे वेळेवर आली खरी, पण काळ्या चिकण मातीत ती सरळ उतरली नाहीत. एकेकाला दोन-तीन पाय फुटलेले होते, एक तर पायावर पाय टाकून बसलेल्या माणसासारखे होते. त्यांची सालं काढताना मुलांना कळले, की बाजारातले सरळ गाजर कोणत्या मातीत वाढले असेल. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपणहून वाफा फूटभर उंच केला, त्यात वाळू आणि कुजलेले खत मिसळले.

मातीविषयी येथे दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही. आपल्या बहुतेक वसाहती काळ्या रानावर उभ्या आहेत, आणि खुल्या जागेत त्या काळ्या मातीवर बांधकामाचा राडारोडा पसरलेला असतो. वीट, खडी, सिमेंटचे गोळे वेचण्यात आमचा पहिला महिना गेला. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी उत्साहाने कुदळी चालवल्या, तर जी ढेकळे निघाली ती दिवाळीपर्यंत फुटली नाहीत. "वाफसा", म्हणजे माती खणण्याजोगी ओली-सुकी होणे, हा शब्द मुलांनी त्याआधी ऐकलेला नव्हता. आता आठवीतली मुलगी चिमूटभर नव्हे, मूठभर माती उचलते, दाबून लाडू करते, कमरेच्या उंचीवरून खाली सोडते. लाडू फुटला तर वाफसा आला, चपटा होऊन बसला तर घरी जा, असे ती लहान मुलांना सांगते. माझे वडील हेच करत, पण त्यांनी मला ते कधी शिकवले नाही; मुलगी म्हणून शिकवले नसेल, असे वाटते.

आणखी एक रविवार सांगते. खुरपणी चालू होती आणि भेंडीच्या वाफ्यातून एक मुलगा जमिनीलगत पसरलेले, लालसर देठाचे, जाड पानांचे तण उपटून ढीग करत होता. कामाला मदत करणाऱ्या मावशींनी तो ढीग पाहिला आणि खताच्या खड्ड्याकडे निघालेले घमेले मध्येच अडवले. ती घोळ होती. मावशींनी ती निवडून, तीनदा धुऊन, लसणाच्या फोडणीत मुगाच्या डाळीबरोबर शिजवली. आंबटसर चव मुलांना आवडली असे मी म्हणणार नाही. निम्म्यांनी तोंड वाकडे केले. पण पुढच्या आठवड्यात त्यांतल्या दोघांनी रस्त्याच्या कडेची पाथरी ही रानभाजी ओळखून दाखवली, आणि ती तिथली का घेऊ नये, हेही स्वतःच सांगितले: तिथे गाड्यांचा धूर आणि गटाराचे पाणी असते. तण आणि भाजी यांतला फरक कित्येकदा फक्त स्वयंपाकघरात ठरतो, आणि हे शिकवायला वाफा आणि शेगडी एकाच ठिकाणी असावी लागते.

आता पोषणाविषयी, थोडक्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे २,००० कॅलरींच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. मेसच्या अनुभवावरून सांगते, की मुलाच्या ताटात त्याच्या चौथाई गेली तरी मी तो दिवस चांगला समजत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. एका गुंठ्याने हा आकडा बदलेल असा दावा मी करत नाही. मात्र पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर अडथळा येतो, ही गोष्ट तक्त्यावर वाचलेल्या मुलीपेक्षा स्वतः चाकवत शिजवून, स्वतःच्या झाडाचे लिंबू त्यावर पिळणाऱ्या मुलीच्या लक्षात राहते, हे मी पाहिले आहे. (आमचे लिंबाचे झाड अजून लहान आहे, लिंबे शेजारच्या बंगल्यातून येतात.)

हे काम शाळांनी करावे, असे मला अनेकांनी सुचवले. काही शाळांत चांगल्या परसबागा आहेत आणि तिथली भाजी पोषण आहाराच्या खिचडीत पडते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती योजना आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि तिथला स्वयंपाक स्वयंपाकी-मदतनीस बायका करतात. मुले रांगेत ताट घेऊन उभी राहतात. शिवाय शाळेची बाग एप्रिल-मेच्या सुट्टीत वाळते. नववीपासून पुढच्या मुलामुलींना, म्हणजे दोन-तीन वर्षांत शिक्षणासाठी पुण्याला जाऊन खोली करून राहणार आहेत त्यांना, वरण-भात लावायला शिकवणारी जागा कुठेच नाही. वसाहतीची खुली जागा मात्र सुट्टीतही तिथेच असते आणि मुलेही त्या दिवसांत मोकळी असतात.

स्वयंपाकाला जे आक्षेप येतात, त्यांत धूर, गॅस आणि सुरी हे उघडपणे बोलले जातात. त्यांची उत्तरे सोपी आहेत. आम्ही चूल फक्त भरताची वांगी भाजण्यापुरती, वर्षातून चार-पाच वेळा पेटवतो. एरवी शेगडी असते, तिच्याजवळ नेहमी एक मोठे माणूस असते, वाळूची बादली भरलेली असते आणि चौदा वर्षांखालील मुले विळीला हात लावत नाहीत. बोटे कापली आहेत. दोनदा, दोन्ही वेळा मोठ्यांची, त्यांत एकदा माझे.

न बोलले जाणारे आक्षेप वेगळे आहेत. एका वडिलांनी मला सांगितले, "आम्हाला मुलाला आचारी करायचे नाही." मी त्यांना म्हटले, की मीही एकवीस वर्षे आचारीणच होते आणि त्यावरच माझा मुलगा इंजिनिअर झाला. ते गृहस्थ संकोचले, पण मुलगा त्यानंतर आला नाही. दुसऱ्या एका घरातून "पीठ कोण मळते?" अशी विचारणा झाली. प्रश्न स्वच्छतेचा आहे असे समजून मी हात धुण्याची व्यवस्था सांगू लागले, तर पलीकडून मुलांची आडनावे विचारण्यात आली. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले नाही आणि यापुढेही देणार नाही. आपल्या भागात हा प्रश्न निदान शंभर वर्षांपूर्वी निकालात निघाला आहे, असे मी समजत होते. मूळच्या आपल्याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले, आणि तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहून, हाताने काम करून, एका पंक्तीत जेवत होती. आमच्या दोन पराती त्या पंक्तीपुढे काहीच नाहीत. तरीही ज्या संस्थांना मुलांच्या आडनावांची यादी हवी असेल त्यांनी आम्हाला जागा दिली नाही तरी चालेल, हे येथे स्पष्ट लिहिते. मुलांपैकी कोणाला भाकरी गोल येते आणि कोणाची फाटते, एवढाच भेद आमच्याकडे आहे. आणि सध्या सर्वांत चांगली भाकरी दहावीतला एक मुलगा थापतो, ज्वारीच्या पिठात उकळते पाणी किती घालायचे याचा अंदाज त्याला माझ्यापेक्षा चांगला आहे.

आता जागेकडे येते. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते, आणि आधीच्या नियमांतही अशी तरतूद होती, म्हणून आपल्या जवळपास प्रत्येक वसाहतीत अशी जागा आहे. ती संस्थेच्या नावावर आहे की महापालिकेच्या, हे मालमत्ता पत्रकावर पाहून घ्यावे. महापालिकेच्या नावावर असेल तर परवानगी तिच्याकडून घ्यावी लागेल आणि तसा अर्ज तयार करायला आम्ही मदत करू. या जागांवर आज गाजरगवत असते, नाहीतर पेव्हर ब्लॉक असतात.

पेव्हर ब्लॉकविषयी मी थोडी कडवट आहे, त्याचे कारण असे. ज्या वसाहतीत आम्ही पहिली बाग केली, तिचे नाव मी लिहीत नाही, तिथे आम्हाला जागा तोंडी मिळाली होती. तेव्हाचे अध्यक्ष हौशी होते, स्वतः रोज झारी घेऊन येत. पुढे समिती बदलली. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीच्या सुट्टीला मुले गावी गेली होती, त्या आठवड्यात तीन गुंठे सपाट करून ब्लॉक बसवले गेले. वांगी भरात होती. कोणी दुष्टपणा केला असे मी म्हणत नाही. नव्या समितीला ती झुडपे दिसली आणि "सुशोभीकरणाचा" ठराव तिच्या हातात होता, आमच्या हातात कागद नव्हता. सुट्टीवरून परतलेली मुले त्या ब्लॉकवर उभी राहून आपापला वाफा कुठे होता हे पावलांनी मोजत होती. आताची बाग त्यानंतरची आहे. मी तेव्हाच ठरवले, की यापुढे तोंडी जागा घ्यायची नाही.

तीन वर्षांचा आग्रहही त्यातूनच आला आहे. राडारोड्याची माती पहिल्या वर्षी जेमतेम वळणावर येते. हळद अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावली तर निघायला नऊ महिने घेते. सांगलीतल्या मुलांनी हळदीच्या बाजारपेठेचे नाव मिरवावे आणि तिचा गड्डा मातीत पाहू नये, हे मला पटत नाही. शेवगा आणि लिंबू यांना वेळ लागतो. आणि बारा वर्षांचा मुलगा पंधराचा होईपर्यंत एकाच मातीत राहिला, तरच तो पुढच्यांना शिकवू शकतो. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने नगरपालिकांवर रहिवाशांना भाजीपाल्याचे तुकडे खंडाने देण्याची जबाबदारी टाकलेली आहे; सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर तिचा विचार करणे त्यांना भाग असते, आणि तिथला पारंपरिक तुकडा आपल्या अडीच गुंठ्यांएवढा असतो. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून ठराव हवा.

पाण्याचा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि तो रास्त आहे. भर उन्हाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर, तेव्हा हिशेब ५०० लिटरचा होतो. प्रत्यक्षात वाटा आणि ओटा वगळून वाफ्यांखाली निम्मीच जागा असते, आणि उसाचे पाचट चार बोटे जाड अंथरले की बाष्पीभवन आणखी घटते. आमचा मे महिन्याचा खर्च दिवसाला सरासरी २०० लिटरच्या आसपास राहिला. वसाहतीत दोन-तीन चारचाकी गाड्या पाइपने धुतल्या की तेवढे पाणी सहज जाते. भाज्या धुतलेले पाणी आम्ही अळूला घालतो. आम्हाला नळजोड नको आहे. बोअरच्या पाण्याची एक तोटी आणि तिच्यावर मीटर पुरे, वापराचे पैसे आम्ही देऊ.

चोरीबद्दलही विचारतात. होते. टोमॅटो लाल झाले की पहाटे फिरायला येणाऱ्यांना मोह होतो. दोन वर्षे आम्ही पाट्या लावून पाहिल्या, मग मुलांनीच तोडगा काढला: कुंपणालगतची एक ओळ येणाऱ्या-जाणाऱ्यांची, तिच्यातले कोणीही घ्यावे. आतल्या वाफ्यांना आता क्वचितच कोणी हात लावते. सापांची भीती गाजरगवत माजलेल्या जागेपेक्षा रोज खुरपलेल्या जागेत कमीच असते. गणपतीचा मांडव आणि हळदी-कुंकू यांसाठी लागणारी जागा सोडूनच गुंठा आखावा.

आमच्या चुकाही आपल्याला माहीत असाव्यात. पहिल्या वर्षी फुकट मिळाले म्हणून कच्चे शेणखत आणून घातले. त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी आली आणि टोमॅटोची उभी रोपे एका रात्रीत माना टाकू लागली. दुसऱ्या वर्षी भेंडीवर केवडा, म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पाने पिवळी करणारा रोग, पडला. आम्ही पाच टक्के निंबोळी अर्क फवारत राहिलो, पण पांढरी माशी आधीच येऊन गेली होती. शेवटी सगळी भेंडी उपटली. चोवीस मुलांपैकी वर्षअखेर चौदाच टिकतात, बाकीची क्लास आणि क्रिकेटकडे जातात. ही गळती कमी कशी करावी हे मला अजून साधलेले नाही.

सचिवांचे काम हलके व्हावे म्हणून ठरावाचा मसुदा येथेच देते: "संस्थेच्या खुल्या जागेपैकी उत्तरेकडील (अथवा सोयीची) एक गुंठा जागा वसाहतीतील व परिसरातील बारा ते अठरा वयोगटातील मुलामुलींना भाजीपाला पिकवणे व तो शिजवणे शिकवण्यासाठी, छोट्या ओट्यासह व मीटर बसवलेल्या पाण्याच्या तोटीसह, पुढील तीन वर्षे देण्यात येत आहे. या मुदतीत जागेचा वापर बदलावयाचा झाल्यास सर्वसाधारण सभेची मान्यता व हाती असलेले पीक निघेपर्यंतचा अवधी आवश्यक राहील." सूचक आणि अनुमोदक म्हणून मुलांच्या आईवडिलांपैकी एकेक नाव घ्यावे, असे सुचवते, वडिलांचे नाव आले तर अधिक बरे.

कागदावर विश्वास बसत नसेल, तर मतदानापूर्वी एकदा पाहून जावे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने खणून पिकवलेलेच खायचे, अशी आपली जुनी रीत आहे, आणि तिला शोभेल असा वाफा वसाहतीत क्वचितच कोणाकडे उरला आहे. यंदाच्या ऋषिपंचमीला सकाळी नऊ वाजल्यापासून मुले ऋषीची भाजी करणार आहेत. अळू, माठ, भेंडी, दोडका, लाल भोपळा आणि मक्याची कणसे बागेतली आहेत. सुरण एका आजोबांनी त्यांच्या परसातून कबूल केला आहे. चिंच विकतची आहे. भाजीत फोडणी नसते, तेव्हा चटकदार काही मिळेल या अपेक्षेने येऊ नये. समितीच्या सदस्यांनी साडेआठलाच यावे, कारण अळूची देठे सोलायला हात कमी पडतात, आणि ताट-वाटी प्रत्येकाने आपापली आणावी.

आपली,
मुलांच्या भाजीबागेतील एक स्वयंसेविका,
विश्रामबाग, सांगली